लाल दोऱ्याची बाटली

“तुम्ही लघवी तपासायचात ना?”

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला अजून ऐकावा लागतो. जिन्यात, भाजीच्या गाडीवर, गच्चीत पापड वाळत घालताना. हळदीकुंकवाला मला कुणी बोलावत नाही, त्यामुळे तिथे तेवढी सुटका आहे.

नाही हो, नाही! लघवी तपासणारे वेगळे, थुंकी तपासणारे वेगळे. मी रक्त गोठताना बघायचे. एका हातात काचेची नळी, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, आणि पापणी न लववता बसायचं. एवढं सांगितलं की समोरचा माणूस “अच्छा” म्हणतो आणि आपल्या वडिलांच्या साखरेबद्दल विचारायला लागतो. मग मी पिशवी उचलते आणि घरी येते.

आता या दिवाळी अंकाच्या बाईंनी फोन करून सांगितलं, “प्रयोगशाळेतला काहीतरी थरार लिहा.” थरार कसला डोंबलाचा! माझ्या अर्ध्या नोकरीत मी नुसती वैतागले होते. तोच वैताग लिहिते. छापायचा तर छापा.

साठचं दशक संपत आलं होतं. अंधेरीतल्या एका धर्मादाय इस्पितळात मागच्या बाजूला दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. तिथे मी टेक्निशियन. आमचे डॉक्टर नाडकर्णी सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघून रोगाचं निदान करायचे, आणि उरलेल्या वेळात त्यांना संशोधनाचं वेड होतं. माणूस सज्जन, पण डोक्यात एक कल्पना शिरली की बाकीच्या जगाला तिथे जागा नसायची. त्या वेळची कल्पना अशी, की स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीत रक्त गोठवण्याची ताकद किती असते आणि त्याच बाईच्या त्याच स्तनातल्या निरोगी भागात किती असते, हे मोजायचं. कर्करोगाच्या पेशंटच्या पायात, फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या का होतात ते यातून कळेल असं त्यांचं म्हणणं होतं.

मोजायचं कसं, ते सांगते. काही अवघड नाही. रक्त काढताना त्यात सायट्रेट घातलं की ते पातळ राहतं. ते यंत्रात गरगरा फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा. त्यात कॅल्शियम टाकलं की तो आपला सावकाश गोठतो. पण त्यात शरीरातल्या मांसाचा वाटलेला अर्क घातला तर लवकर गोठतो. दुधाला विरजण लावतो तसंच. विरजण जितकं जोरदार तितकं दही लवकर. तर आम्ही दोन विरजणं लावायचो, एक रोगट तुकड्याचं, एक चांगल्या तुकड्याचं, आणि कोण आधी गोठवतं ते बघायचो. कोमट पाण्यात नळी धरायची, हळूच तिरकी करायची, सरळ करायची, आणि जेलीसारखी पहिली तार दिसली की घड्याळ दाबायचं.

ऐकायला सोपं आहे ना? आता वैताग ऐका.

प्लाझ्मा हवा निरोगी माणसाचा, उपाशीपोटी दिलेला. इस्पितळातल्या झाडून सगळ्यांचं रक्त मी काढलेलं होतं. मला कॉरिडॉरमध्ये बघितलं की लोक बाह्या खाली ओढायचे. आमचे एक हेडक्लार्क फार उदार. “घ्या बाई घ्या, संशोधनाला घ्या!” म्हणून दंड पुढे करायचे. आणि रक्त फिरवल्यावर वर प्लाझ्मा यायचा तो दुधासारखा पांढराफटक. त्यात तार दिसणार कशी, माझं कपाळ? “काही खाल्लं होतं का हो?” विचारलं तर म्हणणार, “छे! दोनच वडे.” वडे म्हणजे त्यांच्या हिशेबी खाणं नव्हतं. तेलाचं सगळं रक्तात उतरलेलं असायचं आणि माझी सकाळ मोरीत जायची.

स्टॉपवॉच एकच. ते एकदा शेजारच्या शाळेच्या क्रीडादिनासाठी मला न विचारता नेलं आणि परत आणलं ते दर मिनिटाला उचकी लागल्यासारखं थांबायचं. डॉक्टर म्हणाले, “बाई, मनात मोजा.” मनात मोजा!

आणि बर्फ. मांसाचा तुकडा शरीराबाहेर आला की लगेच बर्फात हवा, नाहीतर त्यातली ताकद निघून जाते. इस्पितळाचा फ्रीज कायम बिघडलेला. मी बर्फ आणायचे तो अंधेरीच्या मासळीबाजारातून, चांगुणाकडून. चांगुणा वेसाव्याची कोळीण, माझ्याच वयाची, पाटीसमोर फतकल मारून बसलेली. पापलेटांवरचा बर्फ फोडून माझ्या थर्मासमध्ये भरता भरता सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, “काय गो बाटलीवाले, आज कुणाचा मुडदा ठेवतंस बर्फात?” दुपारपर्यंत आमच्या प्रयोगशाळेला बोंबलांचा वास यायचा. डॉक्टर नाकाला रुमाल लावून काम करायचे. पण दिवस चुकला नाही तिचा. सणाला ती बाजारात नसली तर शेजारणीकडे माझा बर्फ ठेवून जायची.

आता दोरा. ही अक्कल माझी, आणि त्या वेळी मला तिचा फार अभिमान होता.

ऑपरेशन थिएटरमधून दोन छोट्या बाटल्या यायच्या. एकीत गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा, दुसरीत जवळच्याच चांगल्या भागाचा. दोन्ही बर्फाच्या पाण्यात उभ्या. कागदाची चिठ्ठी चिकटवली तर ती पाण्यात सुटून तरंगायची, आणि शाईचं तर बोलूच नका. म्हणून मी ठरवलं, बाटलीच्या गळ्याला दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे रोगट, पांढरा म्हणजे चांगला. अडाणी माणसालाही कळेल. रीळं मी स्वतः आणून थिएटरच्या आयाबाईला, शेवंतामावशीला, दिली. “मावशी, सर्जनसाहेब तुकडा टाकतील त्या क्षणी बांधायचं हं. लाल रोगट, पांढरा चांगला.”

“व्हय गो बाय,” मावशी म्हणाली. ती मालवणकडची. साठीला टेकलेली, पहाटे देवाला फूल वाहिल्याशिवाय चहा न घेणारी. कामात तिच्यासारखं चोख माणूस त्या इमारतीत दुसरं नव्हतं. डॉक्टरही नव्हते आणि मीही नव्हते.

सुरुवातीला छान चाललं. रोगट अर्क झटकन गोठवायचा, चांगला निवांत. मग एक केस उलटी आली. लाल बाटली सुस्त, पांढरी तेज. मग दोन सरळ आल्या, मग पुन्हा तीन उलट्या.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमच्या हातून बाटल्यांची अदलाबदल होतेय.” मी म्हटलं, “होत नाही.” तर हा गृहस्थ दोन आठवडे माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला! बाटली दारातून आत आल्यापासून घड्याळ दाबेपर्यंत नजर माझ्या बोटांवर. आपणच चोर असल्यासारखं वाटत होतं मला. त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उलटी केस आली, तेव्हा कुठे त्यांनी स्टूल उचललं.

पण मग त्याहून भलतंच झालं. डॉक्टर खूश झाले. आपल्याला काहीतरी नवीन सापडलंय असं त्यांनी ठरवून टाकलं. “बाई, बायकांचे दोन प्रकार असतात! एका प्रकारात रोगट भाग गोठवतो, दुसऱ्यात निरोगी भागच जास्त गोठवतो. हे कुणी पाहिलेलंच नाही!” त्यांनी टाइपरायटर मागवला. मी काही बोलायला तोंड उघडलं की, “तुम्ही घड्याळ बघा. विचार मी करतो.”

बायकांचे दोन प्रकार. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “एवढं शिकून आज कळलं का त्याला?”

तर असं सगळं चालू असताना एका सकाळी चांगुणानं बर्फ भरता भरता माझा हात धरला आणि पोलक्यावरूनच आपल्या छातीवर ठेवला. भर बाजारात. “बघ गो, हे काय हाय.” बोटाखाली सुपारीसारखी गाठ लागली. किती दिवस आहे विचारलं तर म्हणाली, “गणपतीच्या आधी ध्यानात आयली. पोरीचं लगीन ठरलंय, मना कुठं वेळ हाय?”

मी तिला ओढत इस्पितळात नेलं. सर्जनसाहेबांनी तपासलं आणि म्हणाले, आधी गाठीचा तुकडा काढून तपासू, रोग निघाला तरच मोठं ऑपरेशन. तेव्हा असंच करायचे.

निदानासाठीचा तुकडा एरवी थिएटरमधून सरळ फॉर्मॅलिनच्या बरणीत जायचा. फॉर्मॅलिन म्हणजे मांस टिकवणारं, डोळ्यांतून पाणी काढणारं औषध. माझ्या बाटल्यांचा त्या बरणीशी काही संबंध नसायचा. पण चांगुणाच्या दिवशी थिएटरमधलं फॉर्मॅलिन संपलं होतं, आणि स्टोअरच्या कपाटाला कुलूप लावून स्टोअरकीपर कुणाच्यातरी मुंजीला गेला होता. चावी खिशात घालून! मग थिएटरमधून निरोप आला: सगळं तुमच्या दोन बाटल्यांतच पाठवतोय, लाल बाटलीतला अर्धा तुकडा तुमच्याकडच्या फॉर्मॅलिनमध्ये टाका, त्यावर रिपोर्ट होईल.

मी तसंच केलं. लाल बाटलीतला अर्धा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला. उरलेल्याचा अर्क केला. मग पांढऱ्या बाटलीतला तुकडा कात्रीत धरला आणि थांबले. एरवी तुकडे हरभऱ्याएवढे, रक्तानं माखलेले, वाळू घालून वाटायचे, त्यामुळे हाताला काही कळायचं नाही. आज तुकडा मोठा होता. कात्रीखाली तो कच्च्या पेरूसारखा करकरला. चांगलं मांस असं करकरत नाही.

नळीत घातलं. पांढरी बाटली झटक्यात गोठली. लाल बाटली रेंगाळली.

“डॉक्टर, हा पांढऱ्या बाटलीतला तुकडा हाताला कडक लागला,” मी म्हटलं.

“बघा! हीसुद्धा दुसऱ्या प्रकारातली!” डॉक्टरांनी माझा कागद हातातून घेतला. “निरोगी भाग घट्ट, म्हणून तेज. छान.”

“पण निदान लाल बाटलीवरच होणार आहे. पांढरीतलं थोडं काचेवर घेऊन बघाल का?”

“बाई,” डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, “निदान कोण करतं इथे?”

आणि मी गप्प बसले. पन्नास वेळा मी त्या माणसाशी भांडले होते, वड्यांवरून, घड्याळावरून, बर्फावरून. नेमकी त्या दिवशी गप्प बसले. आजही आठवलं की माझा मलाच संताप येतो.

रिपोर्ट आला: रोग नाही. डॉक्टरांनी काच नीट बघितली होती, त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्या काचेवर खरंच रोग नव्हता. चांगुणा कागद पदरात बांधून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी दोन मोठी पापलेटं घेऊन इस्पितळाच्या दारात हजर. “खा गो. नि लग्नाला ये.” ती पापलेटं मी शेजारी देऊन टाकली. माझ्या घशाखाली उतरली नसती.

त्यानंतरचे आठ-नऊ दिवस तो पेरू माझ्या हातातून जाईना. शेवटी एका दुपारी मी माझी वही काढली आणि सगळ्या केसेस पुन्हा वाचायला घेतल्या. वय बघितलं, गाठीचा आकार बघितला, कुठल्या वारी ऑपरेशन झालं ते बघितलं, कुणाचा प्लाझ्मा होता ते बघितलं. मला तर हेडक्लार्कच्या वड्यांवरही संशय होता. कशातच मेळ नाही.

मग नावं वाचली. इस्पितळाच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव असायचं ते मी पूर्ण उतरून घ्यायचे. नवरा वारलेला असला तर कारकून त्याच्या आधी “कै.” लिहायचा. दुसऱ्या कुणाच्या नजरेत आलं नसतं. पण माझ्या स्वतःच्या नोकरीच्या अर्जावर ते “कै.” होतं, रेशनकार्डावर होतं, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर होतं. ते एक अक्षर मला कुठेही दिसतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी माझ्या नावाला ते चिकटलं.

ज्या बाईच्या फॉर्मवर “कै.” होतं, तिचा निकाल सरळ. जिच्या फॉर्मवर नव्हतं, तिचा उलटा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सुरुवातीला छान चाललं होतं, कारण सुरुवातीच्या सगळ्या बायका विधवा होत्या.

बायकांचे दोन प्रकार. बरोबर होतं की डॉक्टरांचं!

मी वही घेऊन थिएटरच्या मागच्या वऱ्हांड्यात गेले. शेवंतामावशी गॉजच्या घड्या घालत बसली होती.

“मावशी, बाटल्यांना दोरे कसे बांधता?”

“तू सांगलंस तसे.”

“मावशी.”

घडी घालता घालता तिचा हात थांबला. “सगळ्यांका तसे नाय,” ती म्हणाली. “सवाशिणीच्या चांगल्या भागाक पांढरो दोरो मी कसो बांधू? पांढरो म्हणजे तुका ठावक नाय? घोव जिवंत आसा तिचो. चांगला ता लालच व्हया. म्हणान मी चांगल्याक लाल बांधलंय, नि रोगाक पांढरो. रोगाचा वाटोळा होवंदेत.”

“आणि ज्या विधवा आहेत त्यांना?”

“त्यांका तू सांगलंस तसाच.” मग माझ्याकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, घाईघाईनं म्हणाली, “दोरो तो दोरो गो बाय. तुम्ही इतकी शिकलेली माणसा, बाटलीत काय आसा ता बघून कळणा नाय तुमका?”

मी तिच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण ओरडायचं काय? लाल आणि पांढरा असे रंग निवडले मी. का बांधायचे ते तिला कधी समजावलं नाही, तेही मीच. आणि पांढऱ्या रंगाचा अर्थ त्या अख्ख्या इमारतीत सगळ्यात जास्त मला माहीत असायला हवा होता. सवाष्णींचं भलं व्हावं म्हणून त्या म्हातारीनं जीव टाकून दोरे बदलले होते. आम्हा विधवांसाठी शुभ-अशुभ बघायची कुणाला गरज वाटली नाही, म्हणून तेवढ्यांचं बरोबर आलं. हसू की रडू ते मला कळेना.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. मग म्हणाले, “म्हणजे माझा पेपर...”

“अहो पेपर घाला चुलीत!” मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. “ती वेसाव्याची बाई रोग घेऊन घरी गेलीय!”

त्यांचा चेहरा पांढरा पडला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. इतर बायकांच्या निदानाच्या बरण्या थिएटरमधून वेगळ्या गेल्या होत्या, त्यांना धोका नव्हता. धोका एकटीला होता. उरलेला पांढऱ्या बाटलीतला तुकडा मी टाकून दिलेला होता. आता तिला परत आणून पुन्हा तुकडा काढणं एवढंच हातात होतं. “मी येतो,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही नको. तुम्हाला बघून ती घाबरेल.” मी शेवंतामावशीला घेऊन गेले.

वेसाव्याला पोचलो तेव्हा चांगुणाच्या अंगणात मांडवाचे वासे रोवत होते. आठवड्यावर लग्न. तिचा नवरा गोमा वाशावर चढून दोर आवळत होता. चांगुणानं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. मी सांगायला सुरुवात केली आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

“कागदावर ‘रोग नाय’ लिवलंय,” ती म्हणाली. “तूच वाचून दाखवलंस.”

“कागद चुकला. चूक आमची आहे. माझी आहे.”

“तुझी चूक, नि चाकू मना?” ती उठून उभी राहिली. “आठ दिवसांवर लगीन हाय पोरीचं. मी नाय यायची. लगीन झाल्यावर बघू. जा तू.”

मी विनवलं, समजावलं, थोडी भांडलेसुद्धा. गाठ थांबत नसते म्हटलं. गोमा वाशावरून उतरून कोपऱ्यात उभा राहिला, त्याला कुणाची बाजू घ्यावी ते समजेना. चांगुणा दाराकडे बोट दाखवून उभी.

तेव्हा शेवंतामावशी सरळ जमिनीवर बसली आणि तिनं चांगुणाचे पाय धरले. “तिची चूक नाय गो. दोरो मी बदललंय. तू सवाशीण, तुझा वायट होऊ नये म्हणान मी चांगल्याक लाल बांधलंय.” आणि तिनं सगळी हकिगत सांगितली, रडत, नाक पुसत, एकही गोष्ट न लपवता.

चांगुणा ऐकत राहिली. मग तिनं आपल्या हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सवाशीण म्हणून मना मारत होतीस काय गो, म्हातारे?”

 मांडवाचं काम थांबलं होतं. मग चांगुणानंच मावशीला बखोटीला धरून उठवलं. “ऊठ. लगीन झाला की दुसऱ्या दिवशी येतंय. शब्द देतंय.” मी म्हटलं, नाही, उद्या. ती म्हणाली, दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, मग मी इथून हलत नाही. संध्याकाळ होत आली तशी ती वैतागली. “काय ताप आहे डोक्याला! बर्फ देऊन मी चुकले,” असं काहीतरी तिच्या भाषेत बडबडत शेवटी उद्याला तयार झाली.

पुन्हा तुकडा काढला, आणि या वेळी डॉक्टर स्वतः बरणी घेऊन थिएटरच्या दारात उभे होते. रोग निघाला. मोठं ऑपरेशन झालं. पोरीच्या लग्नात चांगुणा खाटेवर पडून होती, हळदीची गाणी तिनं खाटेवरून म्हटली असं गोमानं मला सांगितलं. नऊ दिवस आम्ही फुकट घालवले होते. त्या नऊ दिवसांनी किती नुकसान झालं, झालं की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ते पुन्हा पुन्हा “माहीत नाही” म्हणायचे.

दोरे मी मावशीकडून कळलं त्याच दिवशी बंद केले. काच कोरायच्या हिऱ्यानं बाटल्यांवर एक आणि दोन असे आकडे कोरून घेतले. संशोधन पुन्हा पहिल्यापासून केलं. रोगट भाग जास्त गोठवतो असंच बहुतेक वेळा निघालं. डॉक्टरांनी दोन पानांचा छोटासा लेख लिहिला. त्यात माझं नाव घातलं, शेवंतामावशीचं घालायचं राहिलं.

चांगुणा बाजारात परत आली. ऑपरेशनमुळे उजवा हात सुजायचा, पाटी डाव्या हातानं उचलायची, आणि मला बर्फ देताना आता “मुडदा” हा शब्द वापरायची नाही. बाकी तोंड तसंच. वर्षं गेली. गोमा एकदा समुद्रावर गेला तो परतला नाही. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या हातात चुडा नव्हता. आम्ही दोघी बराच वेळ भिंतीला टेकून बसलो.

सत्तरचं दशक सरता सरता ती पुन्हा इस्पितळात आली. दुसऱ्या बाजूला गाठ. ती गाठ साधी निघाली, हे आधीच सांगून टाकते, वाचकाला टांगून ठेवायची मला हौस नाही. पण त्या सकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं.

ती बाकावर बसली होती. शेवंतामावशी निवृत्त झाली होती तरी मुद्दाम आली होती, तिच्याशेजारी जपमाळ घेऊन. कारकून फॉर्म भरत होता. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, चांगुणानं सांगितलं, आणि कारकुनानं त्याच्या आधी ते एक अक्षर लिहिलं. चांगुणाला वाचता येत नव्हतं. पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं.

“बाटलीवाले,” ती म्हणाली, “आता माझी बाटली बरोबर येल ना गो?”

“येईल,” मी म्हटलं.